चौसष्ट बाइटांचं नाव: डेमन, एजंट आणि इन्स्टॉलर लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

तुम्ही डेमन (पाठीमागे सतत चालणारे प्रोग्रॅम), एजंट, इन्स्टॉलर लिहिता, आम्ही ते सर्व्हरवर चालवतो आणि अडलं की लॉग चाळत बसतो. हे पत्र फक्त दोन फंक्शनांपुरतं आहे: मशीनचं नाव, म्हणजे होस्टनेम, वाचणारं गेटहोस्टनेम आणि ते बदलणारं सेटहोस्टनेम. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सपासून चालत आलेली ही जोडी. दोघांनाही दोनच आर्ग्युमेंट लागतात, एक बफरचा (मेमरीत राखलेल्या जागेचा) पत्ता आणि दुसरी लांबी. दिसायला इतकी साधी की त्यांचं मॅन पेज (माहितीचं पान) कोणी उघडत नाही, आणि नेमके म्हणूनच त्यांच्या आसपासचे बग जुने होत नाहीत.

आमचं म्हणणं असं की होस्टनेम म्हणजे कर्नलने, सिस्टमच्या गाभ्याने, जपून ठेवलेली चौसष्ट बाइटांची एक चिठ्ठी आहे. तिला चिठ्ठी म्हणूनच वागवा. तिच्यातून मशीनची ओळख पटवायला गेलात, पत्ता काढायला गेलात, किंवा आपल्या सोयीने ती खोडून पुन्हा लिहायला गेलात, की निस्तरायला आम्ही असतोच.

लिनक्सवर हे नाव युटीएस-नेम नावाच्या स्ट्रक्चरच्या नोडनेम या फील्डमध्ये असतं. फील्ड ६५ बाइटांचं: ६४ नावासाठी आणि एक नाव संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासाठी. (लिनक्स १.० च्या आधी ही मर्यादा ८ बाइट होती, तेव्हा त्यातल्या त्यात आपण सुखात आहोत.) जीलिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीतलं गेटहोस्टनेम स्वतः वेगळा सिस्टम कॉल करत नाही. ते आतून युनेम हा सिस्टमची माहिती देणारा कॉल बोलावतं, मिळालेलं नोडनेम तुमच्या बफरमध्ये उतरवतं आणि मोकळं होतं. नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस नाही, तेच काम मशीनवर करणारी हॉस्ट्स फाइल नाही, नेटवर्क नाही. केबल काढून ठेवली तरी हा कॉल तितकाच झटपट परत येतो.

आता बफरकडे जवळून पाहू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. समजा, नाव नेमकं ६४ अक्षरांचं आहे आणि तुम्ही ६४ बाइटांचा ॲरे घेऊन लांबी म्हणून त्याचा साइझऑफ, म्हणजे अख्ख्या ॲरेचा आकार, दिलात. जीलिबसी शून्यासकट लांबी मोजते: ६५. तुमची जागा ६४. मग ती ६४ च्या ६४ बाइट तुमच्या बफरमध्ये ओतते, शेवटचं शून्य टाकत नाही, उणे एक परत करते आणि एरनो या एररच्या व्हेरिएबलमध्ये ‘नाव फार लांब’ सांगणारा ई-नेम-टू-लाँग ठेवते. रिटर्न व्हॅल्यू न पाहता तुम्ही तोच बफर प्रिंटएफला दिलात, तर प्रिंटएफ शून्य सापडेपर्यंत पुढची मेमरी वाचत जातो. नशीब चांगलं असेल तर नावापुढे दोनचार चमत्कारिक अक्षरं दिसतात. नशीब फारच चांगलं असेल तर पुढचा बाइट योगायोगाने शून्यच निघतो, आणि मग हा बग तुमच्या मशीनवर कधीच दिसत नाही, आमच्या मशीनवर दिसतो.

हाच प्रोग्रॅम अल्पाइन लिनक्सच्या इमेजमध्ये नेला की गोष्ट पालटते. तिथली सी लायब्ररी मसल. ती जेवढं मावेल तेवढं नाव उतरवते, शेवटच्या बाइटवर शून्य ठेवते आणि ० परत करते, म्हणजे सगळं आलबेल असल्यासारखं. तुम्ही रिटर्न व्हॅल्यू कितीही इमानाने तपासलीत तरी नाव कापलं गेल्याचं इथे कळणार नाही. दोन्ही लायब्रऱ्या पॉझिक्स या युनिक्सच्या सामाईक प्रमाणाच्या शब्दाबाहेर गेलेल्या नाहीत, हे वर. बफर अपुरा असेल तर नाव कापलं जाईल, आणि शेवटी शून्य असेल की नाही हे अनिश्चित, एवढंच पॉझिक्स सांगतं.

म्हणून सवय अशी लावून घ्या: २५७ बाइटांचा बफर घ्या, आधी तो शून्यांनी भरा, फंक्शनला लांबी २५६ सांगा, परत आल्यावर शेवटच्या बाइटवर पुन्हा शून्य ठेवा आणि रिटर्न व्हॅल्यू तपासा. पायथनचं सॉकेट मॉड्यूल युनिक्सवर हेच करतं. तिथे बफर १०२४ बाइटांचा आहे, फंक्शनला एक बाइट कमी सांगितला जातो आणि शेवटी शून्य हाताने ठेवलं जातं. स्टॅकवर दोनशे-अडीचशे बाइट जास्त गेले म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

मॅक्रोवर, म्हणजे हेडर फाइलीत नाव देऊन ठेवलेल्या आकड्यावर, विसंबून आकार ठरवणार असाल तर तिथेही खाचखळगे आहेत. होस्ट-नेम-मॅक्स हा मॅक्रो लिनक्सवर ६४ आहे आणि त्यात शेवटचं शून्य धरलेलं नाही, त्यामुळे अधिक एक करावंच लागतं. जुन्या कोडमध्ये आढळणारा मॅक्स-होस्टनेम-लेन लिनक्सवर ६४ आणि बीएसडीवर शून्यासकट २५६. एकाच नावाचे दोन अर्थ, आणि लिनक्सचा अर्थ एका बाइटने कमी पडणारा. मॅकओएसच्या हेडरमध्ये होस्ट-नेम-मॅक्स मिळतच नाही, तिथे बिल्ड थांबतं. चालू सिस्टमला विचारायचं असेल तर सिसकॉन्फ हे फंक्शन आहे. आणि गंमत अशी की पॉझिक्सच्या मते हा आकडा कुठेही २५५ पेक्षा कमी असता कामा नये. लिनक्स आपला ६४ वर ठाम आहे.

कंपाइल करताना कडक सी११ वगैरे मोड लावलात तर हेडर घेऊनही गेटहोस्टनेमची घोषणा दिसत नाही, कारण ते शुद्ध सी भाषेचं फंक्शन नाही. पूर्वी कंपायलर कुरकुरून पुढे जायचा, २०२४ च्या जीसीसी १४ पासून ही थेट एरर आहे. त्यावर उपाय म्हणून फंक्शनची घोषणा स्वतःच्या फाइलीत हाताने लिहू नका. पॉझिक्सचा फीचर मॅक्रो पहिल्या इन्क्लूडच्या आधी लावा. सेटहोस्टनेम तर पॉझिक्समध्ये नाहीच. त्याची लांबी जीलिबसीत साइझ-टी आहे, फ्रीबीएसडीत इंट. हाताने लिहिलेली घोषणा कुठे ना कुठे आपटणारच.

आता नाव बदलण्याकडे येऊ. आमची पहिली विनंती म्हणजे बदलू नका. तुमचा प्रोग्रॅम इन्स्टॉलर किंवा बूटच्या वेळी मशीन उभं करणारं साधन नसेल, तर सेटहोस्टनेम तुमच्या कोडमध्ये असायचं काही कारण नाही. पण ज्यांना ते लिहावंच लागतं त्यांच्यासाठी थोडं तपशिलात.

सेटहोस्टनेमला दिलेल्या नावाच्या शेवटी शून्य लागत नाही. लांबी म्हणजे अक्षरांची लांबी, बस्स. त्यामुळे अक्षरं मोजणारं स्ट्रलेन द्यायचं, स्ट्रलेन अधिक एक नाही. अधिक एक दिलंत तर ६३ अक्षरांपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि ६४ व्या अक्षराला कर्नल ई-इनव्हॅल (चुकीचं आर्ग्युमेंट) देऊन परत पाठवतो. मग नाव तर मर्यादेत आहे, मग नकार का, म्हणून कोणीतरी दिवसभर डोकं खाजवतं. साइझऑफ देणं त्याहून वाईट. २५६ बाइटांचा बफर असेल तर लगेच ई-इनव्हॅल मिळतो, ते परवडलं. पण बफर ६४ किंवा त्याहून लहान असेल तर कॉल यशस्वी होतो, आणि नावानंतरच्या शून्यापुढे स्टॅकवर जो काही कचरा पडलेला असेल तोही कर्नल इमानेइतबारे नोडनेममध्ये ठेवून घेतो. वाचणाऱ्याला पहिल्या शून्यापर्यंतचंच दिसतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. युनेम मात्र पूर्ण स्ट्रक्चर देतं. म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमच्या मेमरीतले ते बाइट त्या मशीनवरच्या कुठल्याही युजरला वाचता येतात.

कर्नल फक्त लांबी आणि परवानगी पाहतो, अक्षरं पाहत नाही. स्पेस, अंडरस्कोर, टॅब, नवी ओळ, काहीही चालतं. नेहमीचा अपघात असा: ईटीसी या सेटिंगच्या डिरेक्टरीतली होस्टनेम फाइल एफगेट्सने वाचली, ओळीच्या शेवटचं न्यूलाइन काढायचं राहिलं आणि ते तसंच सेटहोस्टनेमला गेलं. कॉल यशस्वी. त्यानंतर लॉगमधली प्रत्येक ओळ नावाशी तुटते, पार्सर अर्ध्या ओळी फेकून देतो आणि स्क्रीनवर नाव मात्र ठीकठाक दिसतं. पकडायची सोपी युक्ती म्हणजे युनेम कमांडचा नोडनेमवाला आउटपुट बाइट दाखवणाऱ्या ओडी कमांडला देऊन अक्षर न् अक्षर पाहायचं. शेवटी एकाऐवजी दोन न्यूलाइन दिसली की चोर सापडला. कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या प्रॉकमधल्या सिस/कर्नल/होस्टनेम या फाइलीत इकोने लिहिलं तर ही भानगड होत नाही, कारण तिथे कर्नल न्यूलाइनपाशीच थांबतो. फंक्शन मात्र तुमच्यावर विश्वास ठेवतं.

म्हणून अक्षरं तपासणं तुमचं काम. इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजांपैकी आरएफसी ९५२ ने १९८५ मध्ये घातलेला नियम अजून पाया आहे: इंग्रजी अक्षरं, अंक आणि मध्ये हायफन. पहिलं अक्षर अंक असू नये ही त्यातली अट १९८९ च्या आरएफसी ११२३ ने काढली. अंडरस्कोर कधीच नव्हता, तरी तो टाकायचा मोह कोणाला आवरत नाही. डीएनएसमध्ये दोन टिंबांमधला एक तुकडा ६३ बाइटांपर्यंतच चालतो आणि कर्नल ६४ पर्यंत घेतो. म्हणजे ६४ अक्षरांचं बिनटिंबाचं नाव कर्नलला चालेल, पण डीएनएसमध्ये ते कधीच जाऊ शकणार नाही. ६३ वर थांबा. मराठीत नाव ठेवायची हौस असेल तर कर्नल तेही घेईल, पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं आणि काना, मात्रा, वेलांटी हीदेखील वेगळी चिन्हं असतात. २१ चिन्हांत खेळ आटोपतो आणि निम्मी साधनं अडखळतात. सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यासाठी प्रिटी होस्टनेम नावाची वेगळी जागा आहे, ते मशीन-इन्फो फाइलीत राहतं. हौस तिथे भागवा.

परवानगीबद्दल. सेटहोस्टनेमला कॅप-सिस-ॲडमिन ही कपॅबिलिटी (कर्नलची खास परवानगी) लागते, नाहीतर ई-पर्म ही एरर. इथे रूट (सर्वाधिकारी युजर) असणं पुरेसं नाही. डॉकरच्या साध्या कंटेनरमध्ये (प्रोग्रॅमच्या बंदिस्त खोलीत) तुमचा प्रोग्रॅम रूट म्हणून चालतो, पण ही कपॅबिलिटी काढून घेतलेली असते. तुमच्या स्क्रिप्टमध्ये युजर आयडी शून्य आहे का एवढंच तपासून पुढे गेलात तर तिथे अडखळाल. आणि कृपा करून कागदपत्रात ‘कंटेनर प्रिव्हिलेज्ड मोडमध्ये चालवा’ असं लिहू नका. एका नावासाठी अख्ख्या घराच्या किल्ल्या मागण्यासारखं आहे ते. कंटेनर सुरू करतानाच होस्टनेमचा पर्याय देता येतो. लिनक्स २.६.१९ पासून, म्हणजे २००६ पासून, प्रत्येक युटीएस नेमस्पेसला, म्हणजे नावापुरत्या वेगळ्या कप्प्याला, स्वतःचं नाव असतं, त्यामुळे कंटेनरचं नाव यजमान मशीनला धक्का लावत नाही.

सेटहोस्टनेम फक्त चालू कर्नलमधलं नाव बदलतं. रीबूट केलं की गेलं. टिकाऊ बदलासाठी ईटीसीतली होस्टनेम फाइल लिहावी लागते. सिस्टमडी असेल तर होस्टनेम-सीटीएल दोन्ही कामं करतं. तेवढ्यावरही भागत नाही. हॉस्ट्स फाइलीत जुनंच नाव राहिलं की रूटच्या अधिकाराने कमांड चालवणारं सुडो प्रत्येक कमांडला ‘होस्ट रिझॉल्व्ह होत नाही’ म्हणून कुरकुरायला लागतं. चालू ग्राफिकल सेशनमध्ये नाव बदललं तर एक्स-ऑथॉरिटीतली (खिडक्या उघडायच्या परवानगीची) नोंद जुन्या नावावर राहते आणि नव्या खिडक्या उघडेनाशा होतात. बॅशच्या प्रॉम्प्टमध्ये जुनंच नाव दिसत राहतं, कारण शेल ते सुरू होतानाच वाचून ठेवतो. लोकांना वाटतं बदल झालाच नाही, म्हणून ते पुन्हा बदलतात. क्लाउड मशीनवर बूटच्या वेळी मांडणी करणारं क्लाउड-इनिट असेल आणि त्यात प्रिझर्व्ह-होस्टनेम चालू केलेलं नसेल, तर पुढच्या बूटला तुमचं नाव पुसलं जाऊ शकतं. हे सगळं सांभाळायची तयारी नसेल तर इन्स्टॉलरने नाव विचारूही नये.

पूर्ण नावाचा घोळ वेगळाच. गेटहोस्टनेम पूर्ण डोमेनसकट नाव देईल असं कुठेही लिहिलेलं नाही. कुठे ईटीसीत छोटं नाव ठेवायची पद्धत आहे, कुठे टिंबांसकट पूर्ण. दोन्ही धरून चाला: छोटं हवं असेल तर पहिल्या टिंबापाशी कापा, पूर्ण हवं असेल तर कॅनॉनिकल नावाचा फ्लॅग लावून नावाचा शोध घेणाऱ्या गेट-ॲडर-इन्फोला विचारा. गेटडोमेननेम नावाचं फंक्शन दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते एनआयएस या जुन्या यंत्रणेचं डोमेन देतं, डीएनएसचं नाही, आणि बहुतेक मशीनवर त्यातून कंसातलं ‘नन’ बाहेर येतं.

गेट-ॲडर-इन्फो मात्र रिझॉल्व्हरकडे, म्हणजे डीएनएसला विचारणाऱ्या भागाकडे, जातं, आणि तिथे वेळ लागू शकतो. नेमसर्व्हर मुका असेल तर डीफॉल्ट हिशोबाने ५ सेकंदांचे दोन प्रयत्न होतात, सर्च डोमेन जास्त असली तर त्याहून अधिक. लॉगिंग लायब्ररीने सुरू होतानाच हे केलं की डीएनएस पडलेलं असताना, म्हणजे लॉगची खरी गरज असते तेव्हाच, प्रोग्रॅम उभा राहायला टंगळमंगळ करतो. जावामधलं इनेट-ॲड्रेसचं गेट-लोकल-होस्ट याच वाटेने जातं आणि नाव रिझॉल्व्ह झालं नाही तर एक्सेप्शन फेकतं. ज्यांना फक्त लॉगच्या ओळीत नाव छापायचं आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये.

नावावरून आयपी काढणाऱ्यांना आमचे हात जोडून. डेबियनच्या रीतीने हॉस्ट्स फाइलीत स्वतःचं नाव १२७.०.१.१ ला, म्हणजे मशीनच्या आतल्याच पत्त्याला, बांधलेलं असतं. तुमचा क्लस्टर नोड त्यावरून आपला पत्ता काढतो, त्यावर ऐकत बसतो आणि बाकीच्या नोडना तोच पत्ता कळवतो. मग प्रत्येक नोड स्वतःशीच बोलतो. ऐकण्याचा पत्ता कॉन्फिगमध्ये मागून घ्या.

ओळखीचं म्हणाल, तर व्हर्च्युअल मशीन क्लोन केलं की नावही क्लोन होतं. सिस्टमडीत स्टॅटिक नाव दिलेलं नसेल तर नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून आलेलं नाव लागू शकतं. डॉकरने नाव न दिल्यास कंटेनर आयडीचे पहिले १२ हेक्स अंक हेच नाव होतं आणि कंटेनर नवा झाला की नावही नवं. डेटाबेसमध्ये होस्टनेम प्रायमरी की म्हणून घालणाऱ्या एजंटला यातली प्रत्येक गोष्ट दगा देते: कधी दोन मशीन एका ओळीत येतात, कधी एकाच मशीनच्या चाळीस ओळी होतात. मशीनची ओळख हवी असेल तर मशीन-आयडी फाइल आहे, १२८ बिट, ३२ हेक्स अंक. क्लोन करताना तीही नवी करावी लागते, पण निदान ती त्या कामासाठी बनलेली आहे. गेटहोस्टआयडी हे ३२ बिटांचं फंक्शन अजून मिळतं, त्याकडे वळू नका.

कुबरनेटीसवर, म्हणजे कंटेनरांचे ताफे सांभाळणाऱ्या यंत्रणेवर, प्रोग्रॅम चालवणाऱ्यांसाठी एक खास सूचना. पॉडचं (कंटेनरांच्या गटाचं) नाव २५३ अक्षरांपर्यंत जाऊ शकतं, पण आतलं होस्टनेम ६३ वर कापलं जातं. तुमचं नाव शेवटच्या क्रमांकाने वेगळं होत असेल तर तो क्रमांकच कापला जातो आणि सगळे पॉड एकाच नावाचे दिसतात. पूर्ण नाव होस्टनेम म्हणून लावायचा पर्याय चालू केला आणि ते ६४ च्या पुढे गेलं, तर पॉड सुरूच होत नाही, पेंडिंगमध्ये अडकतो.

विंडोजवर विनसॉक या नेटवर्क लायब्ररीत याच नावाचं फंक्शन आहे. त्याला २५६ बाइट पुरतात, पण आधी डब्ल्यूएसए-स्टार्टअप बोलवावं लागतं. विंडोजचं जुनं नेटबायॉस नाव १५ अक्षरांचं असतं आणि सेट-कॉम्प्युटर-नेम-ईएक्सने केलेला बदल रीबूटनंतर लागू होतो. मॅकओएसवर तर कॉम्प्युटरनेम, लोकलहोस्टनेम आणि होस्टनेम अशी तीन नावं असतात. एकाच्या बदलाने दुसरं बदलेल असं गृहीत धरू नका.

तुमचा डेमन महिनोन्‌महिने चालणार असेल तर सुरुवातीला वाचलेलं नाव कायमचं नसतं, हेही लक्षात असू द्या. दर सेकंदाला पुन्हा वाचायची गरज नाही. प्रॉकमधली ती होस्टनेम फाइल पोल या वाट पाहणाऱ्या कॉलला देता येते आणि नाव बदललं की कर्नल उठवतो.

शेवटची विनंती चाचणीची. वेगळी नेमस्पेस बनवणाऱ्या अनशेअर कमांडला युजर नेमस्पेस, मॅप-रूट-युजर आणि युटीएस हे तीन पर्याय द्या. मशीनवर सामान्य युजरला नेमस्पेस बनवायची बंदी असेल तर हेच रूट म्हणून, फक्त युटीएस घेऊन करा. आतल्या शेलमधून पायथनच्या सॉकेट मॉड्यूलमधलं सेटहोस्टनेम वापरा, ते ३.३ पासून आहे. होस्टनेम कमांड कुठे कुठे नाव आधीच तपासते, म्हणून ती नको. एकच इंग्रजी अक्षर ६४ वेळा असलेलं नाव लावून तुमचा प्रोग्रॅम चालवा. मग टिंबांसकट पूर्ण नाव, मग शेवटी न्यूलाइन असलेलं, मग रिझॉल्व्ह न होणारं. जीलिबसीवर एकदा आणि मसलवर एकदा. शेलमधून बाहेर पडलात आणि आतली शेवटची प्रोसेस संपली की नेमस्पेस आपोआप मोडते. बाहेरच्या मशीनचं नाव जिथल्या तिथे असतं.

आपले,
सर्व्हर सांभाळणारे काही जण